राजारामपुरीतला गाळा आणि रात्री दोनचा फोन

पत्र कोल्हापूरच्या कसबा बावड्याहून आलंय. थोडं कापून देते.

"मॅडम, मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे, २९ वर्षं झाली. मुलगी एमबीबीएस झाली, इंटर्नशिपचे तीन महिने राहिलेत. तिच्या दवाखान्यासाठी राजारामपुरीत गाळा घेऊन ठेवलाय. आता म्हणते, प्रॅक्टिस करायची नाही, सूज, रक्ताचे आजार आणि जखम भरते कशी यावर संशोधन करायचंय. इंग्लंडमधल्या एका वर्षाच्या संशोधन-पदवीचे कागद आणलेत, एजंट ४० लाख खर्च सांगतो. मध्यंतरी ड्यूटीवरून रात्री दोनला फोन, 'बाबा, साप चावलेल्याचं रक्त वीस मिनिटं ठेवलं आणि नळी वाकडी केली, तर पाण्यासारखं वाहिलं!' सकाळी आठला परत फोन, 'बाबा, गुठळी धरली!' आम्ही झोपेतून उठून हे ऐकायचं. माझी आई जखमेला हळद लावायची, जखम भरायची. त्याला पीएचडी कशाला? उंदरांवर प्रयोग करायला डॉक्टर झाली का? वय २४, स्थळंही सांगून येतायत. काय करावं?"

नमस्कार केमिस्टसाहेब,

गाळा विकू नका, भाड्याने द्या. एजंटला ४० लाखांतला एक रुपयाही या वर्षी देऊ नका. एवढं आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्ही पुढचं निवांत वाचाल.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात आवडले ते दोन फोन. तुम्ही ते वैतागून लिहिलेत, पण उत्तराची सुरुवात तिथूनच करावी लागेल. मुलीने जे पाहिलं त्याला डॉक्टर लोक 'वीस मिनिटांची चाचणी' म्हणतात. काचेची नवी, कोरडी, स्वच्छ नळी घ्यायची, त्यात रुग्णाचं साधारण दोन मिली रक्त घालायचं आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग एकदा वाकडी करायची. रक्त गोठलेलं असेल तर जागचं हलत नाही. वाहिलं, तर आपल्याकडे बहुतेक वेळा घोणस चावल्याचा संशय घ्यायचा. उसाच्या पाचटात पाय पडून हे आपल्या जिल्ह्यात किती वेळा होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. प्लास्टिकची नळी चालत नाही. साबणाने धुतलेली काचेचीही नाही, कारण रक्त गोठण्याची सुरुवात काचेच्या स्पर्शाने होते आणि साबणाचा अंश राहिला तर निकाल चुकतो. लॅबमध्ये २९ वर्षं काढलेल्या माणसाला यातली गंमत कळेल.

आपल्याला वाटतं, विषाने रक्त पातळ होतं. घडतं नेमकं उलटं. घोणसाच्या विषातले घटक रक्त गोठवणारी यंत्रणाच एकदम सुरू करून देतात, सगळीकडे एकाच वेळी. त्यात गोठायला लागणारा कच्चा माल, म्हणजे फायब्रिनोजेन, संपून जातो. नंतर हिरडीतून, जखमेतून, लघवीतून रक्त जायला लागलं की गोठायला काही उरलेलंच नसतं. प्रतिविष दिलं की यकृत नवीन माल तयार करू लागतं. त्याला काही तास लागतात, म्हणून सहा तासांनी चाचणी पुन्हा करतात. तुमचा सकाळी आठचा फोन तो. आणि हेच विष अगदी पातळ करून प्रयोगशाळेत एका तपासणीसाठी वापरतात. ल्युपससारख्या आजारात ज्यांच्या रक्तात नको तिथे गुठळ्या होतात, त्यांचं निदान त्यातून होतं. माणूस मारणाऱ्या विषातून निदानाचं साधन निघालं, ते कुणीतरी नळी वाकडी करून "असं का झालं?" विचारल्यामुळे.

आता तिचा विषय. सूज, रक्ताचे आजार आणि जखम भरणं ही तीन वेगळी दुकानं वाटतात, पण माल एकाच गोदामातला आहे. माझे थोरले मामा गंगावेस तालमीतले. त्यांचे दोन्ही कान पैलवानी, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे. एसटीत लोक कान बघून जागा द्यायचे. कानाचा वरचा भाग कूर्चेचा असतो आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरच्या पातळ आवरणातून तिचं पोषण होतं. कुस्तीत घिस्सा मारताना कान जोरात घासला की हे आवरण सुटतं आणि मधल्या फटीत रक्त साठतं. ते वेळेत काढून दाबपट्टी केली तर कान वाचतो. पण पैलवान कसला डॉक्टरकडे जातोय! मग त्या साठलेल्या रक्ताच्या जागी सूज येते, दुरुस्तीची टोळी येऊन दाखल होते आणि वेडीवाकडी नवी कूर्चा नि तंतू भरून कान कायमचा जाड होतो. एका कानात रक्त, सूज आणि दुरुस्ती तिन्ही आली. शरीराने दुरुस्ती केली, फक्त जरा जास्तच केली.

उलटी तऱ्हा बघायची असेल तर सीपीआर रुग्णालयाच्या सर्जरी वॉर्डात मधुमेहाने पाय चिघळलेले रुग्ण बघा. साध्या जखमेत आधी बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, येऊन भोक बुजवतात. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला येतात, दोनतीन दिवसांत मॅक्रोफेज येऊन मढी उचलतात आणि मग त्याच मॅक्रोफेज 'आता बांधकाम सुरू करा' असा निरोप देतात. मधुमेही पायात हा निरोप नीट जातच नाही. टोळी मारामारीतच अडकून बसते, जखम महिनोन्‌महिने ओली राहते आणि शेवटी बोट कापावं लागतं, कधी पाय. एका ठिकाणी दुरुस्ती थांबत नाही, दुसऱ्या ठिकाणी सुरूच होत नाही. हा निरोप कोण देतो, कधी देतो, का अडतो यावर जगभर माणसं काम करतायत. तुमच्या मुलीला तिथे जायचंय.

हळदीचं म्हणाल तर तुमच्या आईंचं बरोबरच होतं. पण १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 'जखम भरण्यासाठी हळदीचा वापर' याचं पेटंट मिळालं. शेजारी सांगलीला हळदीची एवढी मोठी पेठ आणि पेटंट तिकडे! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी विज्ञान-संशोधन परिषदेचे प्रमुख होते, त्यांनी त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. रद्द कशामुळे झालं? 'आमच्या आज्या लावतात' हे तिथे चाललं नसतं. जुने संस्कृत संदर्भ आणि १९५३ सालच्या भारतीय वैद्यक नियतकालिकातला लेख, असा लेखी पुरावा समोर ठेवला. कुणीतरी ते १९५३ मध्ये तपासून छापून ठेवलं होतं म्हणून निभावलं. पीएचडी कशाला, या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

उंदरांचा राग मी समजू शकते. तसं पाहिलं तर या विषयाची एक मोठी सुरुवात उंदरावरसुद्धा झालेली नाही. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना गावी मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला आणि रात्र जाऊ दिली. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा घोळका. परक्या वस्तूला पेशी घेरतात आणि गिळतात हे त्यातून पुढे आलं, १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. तुमच्या घरच्या सकाळी आठच्या फोनचाच हा भाऊबंद समजा.

आणि हे काम माणसापर्यंत पोचतं. संधिवातात सूज पेटती ठेवणारा टीएनएफ नावाचा एक रेणू आहे. लंडनमध्ये रविंदर मैनी, जन्माने लुधियानाचे, आणि मार्क फेल्डमन यांनी तो एकटा रेणू अडवला तर काय होतं ते १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णांवर करून दाखवलं. बोटं न वळणाऱ्या माणसांची बोटं वळायला लागली. आज त्या जातीची औषधं आपल्याकडेही देतात. देण्याआधी टीबीची तपासणी करतात, कारण हाच टीएनएफ शरीरात दडलेल्या टीबीला कोंडून ठेवत असतो; पहारेकरी काढला तर चोर बाहेर. टीबी घरोघरी असलेल्या देशात हा प्रश्न इथल्या डॉक्टरनेच सोडवायला हवा, असं मला वाटतं.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं काम तर अगदी अलीकडचं. हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार, असलेल्या पाच रुग्णांच्या स्वतःच्याच मूळपेशी काढल्या, त्यांत गोठण्याच्या आठव्या घटकाचं जनुक बसवलं आणि त्या परत दिल्या. डिसेंबर २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आला, तोवरच्या पाठपुराव्यात पाचांपैकी कुणालाही रक्तस्राव झालेला नव्हता. पाचच रुग्ण आहेत, लगेच उड्या मारू नयेत. पण हे भारतात झालंय आणि रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरांनी केलंय.

हे सगळं मी तुम्हाला गार करायला सांगत नाही. त्यातली रोजची हमाली कुणी सांगत नाही, तीही ऐका. न्यूट्रोफिलवर काम करायचं म्हणजे सकाळी रक्त काढून घ्यायचं, एका दाट द्रवावर हळूच सोडायचं आणि सेंट्रिफ्युजमध्ये फिरवायचं. साखर आणि मळी वेगळी करायला तुमच्याकडे सेंट्रिफ्युगल फिरतं ना, तत्त्व तेच. थर बसतात, हव्या त्या थरातून पेशी अलगद उचलायच्या. पिपेट जरा जोरात मारला तर पेशी बिथरतात आणि दिवसभराचं काम खोटं होतं. या पेशी गोठवून उद्यासाठी ठेवताही येत नाहीत, काही तासांत मरायला लागतात. म्हणजे सुरू केलेलं त्याच दिवशी संपवायचं, घरी कुणाचं लग्न असो. आणि महिनाभर असं करून आलेख काढला की कळतं, काहीच फरक दिसत नाही. मी अशा मुली बघितल्यात ज्यांना विषय अफाट आवडायचा आणि हे आवडायचं नाही. तुमची मुलगी यांतलीच आहे का, हे ४० लाख भरायच्या आधी कळलं पाहिजे. ते कळायला दोन महिने आणि बसचा पास पुरतो.

आता ते इंग्लंडचे कागद. एडिनबरासारख्या विद्यापीठात सूज आणि ऊतींच्या दुरुस्तीवर अख्खी संस्था उभी आहे, तेव्हा जागा खोटी नाही. वेळ चुकीची आहे. एका वर्षाच्या संशोधन-पदवीने इथे ती एमडी होत नाही. तिकडेही त्या पदवीवर रुग्णाला हात लावता येत नाही, त्याला तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी वेगळी लागते. फीशिवाय काही ठिकाणी 'बेंच फी' असते, म्हणजे प्रयोगाच्या सामानाचा खर्च विद्यार्थ्याच्या माथी. एजंटने ४० लाखांत ती धरलीय का, एवढं विचारून बघा. खरं सांगायचं तर तिकडची चांगली पीएचडी ही कर्ज काढून करायची गोष्टच नाही, शिष्यवृत्ती मिळाली तर जायचं. ब्रिटनच्या सरकारी संशोधन निधीतल्या पीएचडीच्या जागा २०२१पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही ठरावीक प्रमाणात खुल्या झाल्यात. स्पर्धा तगडी आहे, पण एमडी झालेली, हातात दोन छापील लेख असलेली मुलगी तिथे एजंटशिवाय अर्ज करते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी नीट-पीजी, आधी एमडी. 'प्रॅक्टिस की संशोधन' ही भांडणं घरात चाललीयत ती बिनकामाची. एमडीला प्रबंध करावाच लागतो. बहुतेक मुलं तो मागच्या वर्षीच्या सीनियरचा विषय फिरवून उरकतात, आणि गाईडही चालवून घेतात. तिने तो मन लावून केला तर संशोधनाची पहिली परीक्षा तिथेच होते, वर दरमहा विद्यावेतन. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, एमडीच्या प्रबंधांना अर्थसाहाय्यही देतं. पुढे एमडीनंतर संशोधनाकडे वळणाऱ्या डॉक्टरांना इंडिया अलायन्ससारख्या फेलोशिप आहेत.

एमडी कशात, हा खरा प्रश्न. इथे मी पुन्हा त्या फोनांकडे येते. रात्री दोनला तिने सांगितलं ते नळीचं. सकाळी आठला सांगितलं तेही नळीचं. साप चावलेला माणूस कोण, कुठला, त्याची बायको बाहेर रडत होती का, यातलं काही तुमच्या पत्रात नाही. यात वाईट काहीच नाही. पण ज्याचा जीव नळीत आहे त्याने मेडिसिन घेऊन ओपीडीत रोज दोनशे पेशंट बघितले तर तीन वर्षांत तो करपतो. माझा कल पॅथॉलॉजीकडे आहे. रक्ताचे आजार त्याच शाखेत सूक्ष्मदर्शकाखाली शिकतात, पुढे एमडीनंतर हिमॅटोपॅथॉलॉजीचं डीएमही आहे. दुसरी शाखा इम्युनोहिमॅटॉलॉजी आणि रक्तसंक्रमण. तिला गावात कुणी विचारत नाही, लग्नाच्या बाजारात तर अजिबात नाही, पण रक्तावर संशोधन करणाऱ्याला ती सोन्यासारखी. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत 'बॉम्बे ब्लड ग्रुप' शोधला तो रक्तगट जुळवताना अडल्यामुळेच. साध्या तपासणीत हा गट 'ओ' दिसतो, पण 'ओ'चं रक्त चढवलं तर जिवावर बेततं.

पॅथॉलॉजी घेतली तर तुमच्या गाळ्यात उद्या लॅब उघडता येते, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. कृपा करून हे तिला बोलून दाखवू नका. बापाने गाळ्यासाठी शाखा ठरवली असं एकदा तिच्या डोक्यात बसलं की संपलं.

एमडी न करता सरळ पीएचडी? होते. सीएसआयआर-नेटच्या जीवशास्त्राच्या पेपरला ५५ टक्के मिळवलेले एमबीबीएसही बसू शकतात. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं भत्ता, दोन वर्षांनी ४२,०००. एमडीच्या निवासी डॉक्टरला सरकारी कॉलेजात याहून बरंच जास्त मिळतं. तिने हट्टच धरला तर मी आडवी येणार नाही, पण पदरात एमबीबीएस असताना रुग्णाचा दरवाजा स्वतःहून बंद करण्यात शहाणपण दिसत नाही. (हे वाचणाऱ्या बीएस्सीच्या मुलांनो, तुमचा दरवाजा मात्र हाच: एमएस्सी, नेट किंवा गेट आणि मग पीएचडी. राज्य सरकारच्या सारथी, बार्टी, महाज्योती यांपैकी आपल्याला कुठली फेलोशिप लागू आहे ते आधीच बघून ठेवा, जाहिरात निघाल्यावर दाखल्यांसाठी तहसीलला पळू नका.)

आता त्या दोन महिन्यांचं. इंटर्नशिप संपली की नीट-पीजीच्या अभ्यासातून वेळ काढून तिने एखाद्या प्रयोगशाळेत बिनपगारी बसावं. लांब जायची गरज नाही. कोल्हापुरातच डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात मूळपेशी आणि ऊतींच्या पुनर्निर्मितीवर काम करणारा विभाग आहे, शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्री आणि बायोटेक्नॉलॉजी आहे. मुंबईत केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था १९५७पासून फक्त रक्तावर काम करतेय, पुण्यात पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र आहे. अर्ज विभागाच्या नावाने करू नये. एकेका शास्त्रज्ञाचे शेवटचे चारपाच लेख वाचावेत आणि त्यालाच दहा ओळींची ईमेल लिहावी, 'तुमच्या अमुक लेखातलं तमुक मला कळलं नाही' अशी. कॉपी-पेस्ट केलेल्या ईमेलला उत्तर येत नाही आणि येऊही नये. तिचं कॉलेज सरकारी असेल तर बाँडचं एक वर्षही आहे. ते ग्रामीण रुग्णालयात गेलं तर वाया गेलं म्हणून रडू नका, सर्पदंश तिथेच येतात.

स्थळांचं. हा प्रश्न मुलींच्या पालकांच्या पत्रात नेहमी शेवटच्या ओळीत असतो, मुलांच्या पालकांच्या पत्रात तो नसतो. एमडी होईतो ती २८ची होईल. येणाऱ्या स्थळांना आत्ताच सांगा की मुलगी रात्री दोनला नळी बघत बसते. ऐकून जो हसेल आणि पुढे विचारेल तो ठेवा, बाकीचे आपोआप गळतील.

एक काम तुमच्याकडे. मळीची शुद्धता, रसाचा ब्रिक्स, उताऱ्याचा अर्धा टक्का कुठे गळाला हे शोधत तुम्ही २९ हंगाम काढलेत. एक रविवार तिला घेऊन कारखान्याच्या लॅबमध्ये बसा आणि एक नमुना दोनदा तपासल्यावर वेगळा आकडा आला तेव्हा तुम्ही काय करता ते दाखवा. हे शिकवायला मला कुणी एवढा जवळचा माणूस मिळाला नव्हता.

आणि त्या रात्रीचा तो माणूस वाचला का, घरी कधी गेला, हे तिला सहज विचारून बघा. नाव-गावासकट सांगायला लागली, तर मला लगेच कळवा. मग पॅथॉलॉजीच्या वर मेडिसिन आणि पुढे क्लिनिकल हिमॅटॉलॉजी असा क्रम लावून मी दुसरं पत्र लिहीन.